मागच्याची पावती

मुंबईहून नाशिककडे निघालेला महामार्ग शहापूर मागे टाकून आटगावच्या परिसरात येतो, तेव्हा मध्य रेल्वेचे रूळ त्याच्या सोबतीने कसाऱ्याच्या दिशेने धावत असतात. दूरवर माहुलीचे सुळके दिसतात. पाऊस लागला की दोहो बाजूंच्या भातखाचरांवर हिरवाई उतरते आणि शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या मोटारी इगतपुरीच्या धुक्याकडे धाव घेऊ लागतात. याच रस्त्यावर एक दृश्य वारंवार पाहावयास मिळते. ते कुणा एका कुटुंबाचे नाही. या मार्गाने नियमित जाणाऱ्या कोणत्याही वाचकाने ते पाहिलेले असेल, कदाचित अनुभवलेलेही असेल.

पुढे भाजीचा टेम्पो. फाट्यावर कुणी हात दाखवला, एखादे गुरू आडवे आले किंवा खड्डा दिसला, म्हणून त्याने ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या मोटारीनेही दाबला, पण क्षणभर उशिरा. ‘ठक्क’ असा आवाज झाला. मोटारीचा बंपर दबला, टेम्पोचा मागचा दिवा फुटला. कुणाला खरचटलेही नाही. मागच्या आसनावरील मुले घाबरली आणि सावरली. मग दोन्ही चालक खाली उतरले. “मध्येच ब्रेक का मारलास?” हा एकाचा प्रश्न. “दादा, अंतर ठेवता येत नव्हतं का?” हा दुसऱ्याचा. पाच मिनिटांत दहा-पंधरा माणसे गोळा झाली आणि प्रत्येक जण न्यायाधीश झाला. तेवढ्यात महामार्ग पोलिसांची गाडी आली. हवालदाराने दोन्ही वाहनांकडे पाहिले, मोटारीच्या चालकाकडे परवाना मागितला आणि यंत्रावर दंडाची पावती करावयास घेतली.

मोटारीत बसलेले गृहस्थ सुशिक्षित, सरळमार्गी, कर वेळेवर भरणारे. त्यांना हा घोर अन्याय वाटतो. अचानक थांबला तो पुढचा. नुकसान झाले ते आपल्याही गाडीचे. मग पावती आपल्याच नावाची का? हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पाचशे-हजार रुपयांसाठी लेखणी कशाला झिजवावी, असेही कुणाला वाटेल. तथापि ज्या क्षणी हे गृहस्थ खिशाकडे हात नेतात, त्या क्षणी त्यांच्यासमोर तीन वाटा असतात. टेम्पोवाल्याच्या हातावर काही रक्कम ठेवून मांडवली करावी, हवालदाराला “साहेब, घ्या मिटवून” म्हणावे किंवा पावती घ्यावी. यांपैकी कोणती वाट निवडली जाते, हे पाहणारी दोन लहान मुले मागच्या काचेला नाक लावून बसलेली असतात. म्हणूनच हा विषय पाचशे रुपयांचा राहत नाही.

प्रथम कायद्याचा विचार करू. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 118 व्या कलमाने केंद्र शासनाला वाहन चालविण्याचे विनियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार 1989 मध्ये रस्त्याचे नियम आले आणि 2017 मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. 1989 च्या 23 व्या नियमाचा आशय कोणाही शाळकरी मुलाला कळेल इतका सोपा होता. पुढचे वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तरी धडक टळेल, एवढे अंतर मागच्या चालकाने राखले पाहिजे. 2017 च्या विनियमांतही हे कर्तव्य कायम राहिले. या नियमातील मर्म ‘एकाएकी’ या शब्दात आहे. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला हा बचाव मागच्याने सांगण्यापूर्वीच नियमाने तो विचारात घेऊन ठेवला आहे. पुढचा अचानक थांबेल, असे धरूनच चालायचे असते. मोटारवाल्या गृहस्थांचा मुख्य युक्तिवाद अशा रीतीने पहिल्याच पायरीवर निकालात निघतो.

हे केवळ कागदी तर्कट नव्हे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे सरकते. पुढचे लाल दिवे दिसले, मेंदूला उमगले आणि पाय ब्रेकवर पडला, यात दक्ष माणसाचाही एक सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच 22 मीटर संपले. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर गाडी थांबावयास आणखी सुमारे 35 मीटर लागतात. आषाढातल्या ओल्या रस्त्यावर, झिजलेल्या टायरांसह, हेच अंतर दीडपट-दुपटीपर्यंत जाऊ शकते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. पुढचा काही जागच्या जागी गोठत नाही, त्यालाही थांबावयास अंतर लागते, म्हणून प्रत्यक्षात दोन-तीन सेकंदांचे अंतर पुरते. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणावे. तेवढ्यात आपण त्या खांबापाशी पोहोचलो, तर अंतर कमी आहे. मग आटगावच्या रस्त्यावर प्रत्यक्षात किती अंतर राखले जाते? ट्रकच्या पाठीवर ‘अंतर ठेवा’ असे रंगवलेले असते आणि ते शब्द आरामात वाचता येतील इतक्या जवळून त्याच्या मागे मोटारी धावत असतात. मोकळी जागा ठेवली की शेजारचा तिच्यात घुसतो, ही तक्रार खरी आहे. पण एखादा घुसला तर आपण पुन्हा थोडे मागे सरायचे. नाशिकला पोहोचावयास त्याने फार तर दोन-चार मिनिटांचा फरक पडतो.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न 2018 मध्ये निशान सिंग विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी या खटल्यात आला होता. पुढे ट्रक, मागे मारुती मोटार. ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि मोटार त्यावर आदळली. दोन वाहनांत 10 ते 15 फुटांचे अंतर होते. नुकसानभरपाई मागणाऱ्यांचे म्हणणे असे की दोष ट्रकचा. न्यायालयाने 23 व्या नियमाकडे बोट दाखविले आणि एवढे अंतर निश्चितच सुरक्षित नव्हते असे सांगून मोटारचालकाची निष्काळजी ग्राह्य धरली. 15 फूट म्हणजे साडेचार मीटर. महामार्गाच्या वेगाला हे अंतर पार करावयास पापणी लवण्याइतकाच वेळ लागतो. तेवढ्या वेळात कोणताही माणूस काही करू शकत नाही. तेथे ब्रेक चांगले होते का, चालक अनुभवी होता का, हे प्रश्नच गैरलागू ठरतात, कारण चूक धडकेच्या क्षणी घडलेली नसते. ती त्यापूर्वी कित्येक किलोमीटर चाललेली असते. धडकेमुळे ती फक्त उघडी पडते.

या बाबतीत आटगावला एक शिक्षक शेजारीच उभा आहे, पण त्याच्याकडे पाहण्यास कुणाला सवड नाही. महामार्गालगतच्या रुळांवरून 1861 पासून कसाऱ्यापर्यंत गाड्या धावत आहेत. 1865 मध्ये थळघाट चढून त्या इगतपुरीला पोहोचल्या. एका गाडीमागून दुसरी गाडी सोडताना दोहोंत किती अंतर असावे, हे रेल्वेने चालकाच्या अंदाजावर सोडले नाही. मार्गाचे खंड पाडले, प्रत्येक खंडाच्या तोंडाशी सिग्नल उभा केला, आणि पुढचा खंड मोकळा झाल्याखेरीज मागच्या गाडीला हिरवा दिवा मिळणार नाही अशी व्यवस्था लावली. ही शहाणीव जगभरच्या रेल्वेने अनेक अपघातांची किंमत मोजून मिळविली. कसारा लोकल आटगावबाहेर पाच मिनिटे उभी राहिली की आतला प्रवासी चरफडतो. पण ते थांबणे म्हणजे पुढच्या गाडीतील शेकडो जिवांची पाठराखण असते. रस्त्यावर असा सिग्नल नाही. तेथे प्रत्येक चालक स्वतःच आपला सिग्नल. रेल्वेत जे काम यंत्रणा करते, ते रस्त्यावर संस्काराने करावे लागते, आणि संस्कार जेथे उणा पडतो तेथे पावती येते.

दंडाची ही कल्पना इंग्रजांनी आणली, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. वस्तुतः कौटिल्याने अर्थशास्त्राच्या ‘कंटकशोधन’ या चौथ्या अधिकरणात गाडीवानाच्या दोषाचा विचार केला आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, गाडी मागे सरकू लागली, अशा प्रसंगी झालेल्या इजेबद्दल गाडीवानाला दंड नाही. एरवी मात्र आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अशा दहा सवलतींची गणना आढळते. चाक किंवा आस मोडणे ही त्यांत आहेत आणि ‘बाजूला व्हा’ असा पुकारा केलेला असणे हीही. कर्ण्याचा शोध लागण्यापूर्वीचा हा कर्णा! मात्र त्या यादीत ‘पुढचा अचानक थांबला’ ही सवलत नाही. त्याहून लक्षणीय बाब पुढे आहे. गाडीवान कुशल असून चुकला तर दंड त्याला, पण तो अकुशल असेल तर गाडीच्या धन्याला, किंबहुना गाडीत बसलेल्यांनाही! अडाणी माणसाच्या हाती कासरे दिले आणि मुकाट्याने मागे बसलात, म्हणून तुम्हीही दोषी. कौटिल्य तर गाडी हाकणारा अज्ञान बालक असेल तर गाडीत बसलेल्या धन्याला दंड सांगतो. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम घातले आणि अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालक अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25 हजारांचा दंड ठेवला, तेव्हा ते अनेकांना परकीय धर्तीचे, जाचक वाटले. पुढे 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि अल्पवयीन आरोपीला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आले, तेव्हा याच समाजाला तो दंड अपुरा वाटू लागला. आपला मुलगा असला की जाच आणि दुसऱ्याचा असला की अपुरा, अशी ही मोजपट्टी आहे.

असे असले तरी पाठीमागून आदळला तो नेहमीच संपूर्ण दोषी, असेही मानता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये एस. मोहम्मद हक्कीम यांच्या प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने प्रत्येक चालकाने समजून घ्यावा असा आहे. कोइम्बतूरजवळ जानेवारी 2017 मध्ये अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या मोटारीने महामार्गाच्या मधोमध एकाएकी ब्रेक लावला. मोटारसायकल तीवर आदळली, विद्यार्थी रस्त्यावर पडला आणि मागून येणाऱ्या बसने त्याला चिरडले. त्याचा पाय कापावा लागला. मोटारचालकाचे स्पष्टीकरण असे की गरोदर पत्नीला मळमळल्यामुळे थांबावे लागले. कारण माणुसकीचे होते, यात शंका नाही. पण महामार्गावर वाहने वेगात असतात, तेथे थांबावयाचे तर मागच्याला इशारा देणे हे चालकाचे कर्तव्य आहे आणि वैयक्तिक निकडीने ते सुटत नाही, असे न्यायालयाने म्हटले. दोषाची वाटणी झाली ती अशी. मोटारचालकाचा निम्मा, बसचालकाचा 30 टक्के, आणि अंतर न राखणाऱ्या, वैध परवाना नसलेल्या त्या विद्यार्थ्याचा 20 टक्के. नुकसानभरपाई सुमारे 91 लाखांवर गेली. 1989 च्या 23 व्या नियमाला लागूनच 24 वा नियम होता, त्याचे स्मरण या निकालाने करून दिले. सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याखेरीज कुणीही एकाएकी ब्रेक लावू नये, असे तो सांगतो.

याचाच अर्थ असा की आटगावच्या हवालदाराने पावती करण्यापूर्वी टेम्पोच्या मागे जाऊन पाहिले पाहिजे. त्याचे ब्रेकचे दिवे लागतात का? तो का थांबला? गुरू आडवे आले म्हणून थांबला असेल तर त्याचा दोष नाही. हात दाखविणारे प्रवासी घेण्यासाठी भर मार्गिकेत थांबला असेल तर पावतीचा एक कागद त्याच्याही नावाने निघावयास हवा. व्यवहारात हे क्वचितच घडते. एका चुकीची पावती झाली की प्रकरण मिटले, अशी यंत्रणेची समजूत आणि त्याहून घट्ट अशी जमावाची समजूत! जमावाचा न्याय तर कायद्याहून कितीतरी वेगळा. लहान वाहन आणि मोठे वाहन यांत दोष मोठ्याचा. एमएच 15 आणि एमएच 04 यांत दोष परगावच्याचा. मोटारीतला भरणार, टेम्पोतला घेणार. यात गरिबाविषयीची सहानुभूती आहे हे खरे, आणि ती सर्वस्वी निराधारही नाही. दिवा फुटला की टेम्पोवाल्याची त्या दिवसाची कमाई जाते, तर मोटारीला विमा असतो. पण दोष कोणाचा याचा शोध न घेता केलेली भरपाई ही भरपाई नसून खंडणी होय, आणि तिने उद्या कुणीही अंतर राखू लागत नाही.

पुढच्याच्या दोषाची अत्यंत वेदनादायी कहाणी मात्र कुणा टेम्पोवाल्याची नाही. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ भाविकांना घेऊन नाशिककडे परतणारी मिनीबस पुढच्या ट्रकवर मागून आदळली आणि 12 जण मृत्युमुखी पडले. तपासात जे पुढे आले ते विषण्ण करणारे होते. तो ट्रक परिवहन विभागाच्या पथकाने तपासणीसाठी अडविल्याचा आरोप झाला आणि पथकातील दोघा अधिकाऱ्यांना अटक झाली. ताशी 120 किलोमीटर वेगाची परवानगी असलेल्या मार्गावर, रात्रीच्या अंधारात, कायद्याचे पालन करून घेण्यासाठी नेमलेल्यांनीच वाहन थांबवून ठेवले असेल, तर मागच्या चालकाला नियम कोणत्या तोंडाने सांगावयाचा? 5 जून 2025 रोजी इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. म्हणजे वैजापूरचा धडा आता आटगावच्या उंबरठ्यावर आला आहे. पूर्वी रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. मागून येणाऱ्यासाठी तो असे, गाडीवानाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. आज शेकडो अश्वशक्तीचा ट्रक बंद पडला की त्याच्यामागे झाडाची फांदी आणि दोन दगड ठेवले जातात!

आता पावतीच्या रकमेकडे वळू, कारण गृहस्थांचा राग तेथेही असतो. धोकादायक रीतीने वाहन चालविण्याबद्दलच्या 184 व्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्यास पूर्वी जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड होता. 2019 च्या दुरुस्तीने तो एक ते पाच हजार झाला, शिवाय कारावासाची किमान मुदत आली. 118 व्या कलमाखालील विनियम मोडणाऱ्यास 177-अ खाली पाचशे ते हजार रुपये. ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2019 पासून देशात लागू झाली, पण महाराष्ट्राने वाढीव दंड तेव्हा थोपवून धरले आणि ते डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. या दोन कलमांतील फरक लहान नाही. अंतर कमी राखणे आणि जीव धोक्यात घालणारे चालविणे या भिन्न कोटीतल्या गोष्टी आहेत. निर्जीव बंपरला बंपर लागला तेथे सरसकट 184 लावणे हे चोरट्याला दरोडेखोर ठरविण्यासारखे होय. पावतीवर कोणते कलम लिहिले आहे ते वाचण्याचा हक्क चालकाला आहे. दोष मान्य नसेल तर तेथेच तडजोड शुल्क न भरता न्यायालयात बाजू मांडण्याचाही हक्क आहे. आवाज चढविण्याऐवजी हा हक्क बजावणारे किती? बहुतेक जण रस्त्यावर भांडतात, पावती मोबाइलवर आली की विसरतात आणि लोकअदालतीची नोटीस आली की सवलत किती मिळेल याची चौकशी करतात.

एक गोष्ट येथे नमूद करावयास हवी. चौकाचौकांत कॅमेरे आले, शिरस्त्राण नसले की पावती आपोआप निघते, वेग जास्त असला की निघते. पण दोन वाहनांतील अंतर मोजून पावती काढण्याची रीत आपल्याकडे रुळलेली नाही. परिणामी या चुकीचा दंड फक्त धडकेनंतर होतो, म्हणजे शंभरातल्या त्या एकाला, ज्याचे नशीब त्या दिवशी फुटले. उरलेले नव्व्याण्णव तितकेच दोषी असून निर्दोष म्हणून घरी पोहोचतात आणि आपण उत्तम चालक आहोत या समजुतीत झोपतात. आटगावच्या गृहस्थांना अन्यायाची जी भावना होते तिचे खरे मूळ येथे असावे. सगळेच असे चालवतात, मग मीच का? या प्रश्नात तथ्य आहे. पण त्याचे उत्तर गृहस्थांना सोडून देणे हे नव्हे.

देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालानुसार अपघातांपैकी एकपंचमांशाहून अधिक पाठीमागून धडक बसण्याचे होते. त्याच वर्षी 14 ऑगस्टच्या पहाटे मराठा आरक्षणाविषयीच्या बैठकीसाठी मुंबईकडे निघालेल्या विनायक मेटे यांची मोटार मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या वाहनावर मागून आदळली आणि महाराष्ट्राने एक झुंजार कार्यकर्ता गमावला. आटगावचा फुटलेला दिवा आणि द्रुतगती मार्गावरचा तो चेंदामेंदा यांत प्रकार वेगळा नाही, वेगाचा आकडा वेगळा आहे. म्हणूनच फुटलेल्या दिव्याची नोंद होणे आवश्यक ठरते.

मांडवली हीच नोंद पुसून टाकते. रस्त्यात हजार-दोन हजार हातावर ठेवून निघून जाण्यामागे एक हिशेब असतो. विम्याचा दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. पाच वर्षे दावा न केलेल्यास हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर 50 टक्क्यांपर्यंत सूट असते, ती दबलेल्या बंपरसाठी कोण घालवील? हा हिशेब चुकीचा नाही, आणि केवळ पत्रा दबला असेल, दोघेही समाधानी असतील, तर आपसांत मिटविण्याला कुणी गुन्हा म्हणणार नाही. पण त्यासोबत नाव-पत्ता देणे कायद्याच्या 132 व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि कुणाला इजा झाली असेल तर उपचाराची सोय करणे, जवळ पोलीस नसल्यास 24 तासांच्या आत ठाण्यात वर्दी देणे हे 134 व्या कलमाने. टेम्पोच्या मागे बसलेल्या कातकरी मजुराची मान त्या क्षणी दुखत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखू लागते. तोवर मोटार नाशिकला पोहोचलेली असते आणि त्याच्या हाती गाडीचा क्रमांकही नसतो.

तिसरी वाट चिरीमिरीची. तिच्याविषयी या पृष्ठांवर नव्याने सांगावे असे काही नाही. केवळ एवढेच, की तेथे घेणाऱ्याइतकाच देणारा उभा असतो आणि बहुधा पहिला शब्द देणाऱ्याचा असतो. भ्रष्टाचाराविरुद्ध सभेत टाळ्या वाजविणारे हात शहापूरजवळच्या रस्त्यावर दोनशेची घडी करून परवान्याखाली सरकवतात, तेव्हा राष्ट्रचारित्र्य हा शब्द उच्चारण्याचा अधिकार काही काळ तरी गमावून बसतात. पावती घेतली तर हजार गेले, चिरीमिरी दिली तर आठशे वाचले! पण त्या आठशेत मागच्या काचेतून पाहणाऱ्या मुलांना जे शिकविले जाते, ते कोणत्याही शिकवणीवर्गात इतक्या स्वस्तात मिळणार नाही.

शासनानेही आपला वाटा उचलावयास हवा. पावती करणाऱ्या पथकाने वाहने अडविण्याच्या जागा ठरवून घ्याव्यात, त्या मुख्य मार्गिकेपासून पुरेशा दूर असाव्यात, आणि रात्री तेथे दिवे असावेत. फाट्याफाट्यावर वडापच्या जीपगाड्या आणि टेम्पो भर रस्त्यात थांबतात, कारण थांबण्यासाठी वेगळी जागाच आखलेली नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून रोज कामावर जाणाऱ्या माणसाने हात दाखवावयाचा तरी कोठे? बंद पडलेला ट्रक तासाभरात हलला नाही तर त्याची जबाबदारी कुणाची, हे रस्त्याच्या कडेला फलकावर दूरध्वनी क्रमांकासह लिहिलेले असावे. आणि रामनवमीच्या आधी चैत्राच्या उन्हात मुंबईहून शिर्डीकडे निघालेल्या पालख्या याच रस्त्याच्या कडेने, पांढऱ्या रेषेला लागून चालत असतात. पहाटेच्या अंधारात पालखीच्या शेवटच्या टोकाला एखादा सेवेकरी लाल कापड किंवा विजेरी घेऊन चालतो. पुढे नामगजर सुरू असतो, पण याचे लक्ष मागून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांकडे असते. त्या दिवसांत तरी आटगाव ते कसारा या पट्ट्यात डावी मार्गिका पहाटे चालणाऱ्यांसाठी राखून ठेवणे महामार्ग पोलिसांना अशक्य नाही.